डासच असतील

"हॅलो? … हॅलो, कोण? … कोण बोलायलंय? … आक्का व्हय? बोल, बोल. … न्हाय गं, ऐकू येईना. माग चालू हायत न्हवं… काय? … थांब जरा, परसात जाते. लाईनवर ऱ्हा."

वडगावच्या त्या गल्लीत फोनवर हळू बोलायची सोय नाही. घराघरात विजेवरचे माग, आणि मागाच्या खडखडाटात नवरा-बायकोचं गुजगोष्टीचं बोलणंसुद्धा ओरडूनच होतं. कुणाचं काय चाललंय ते चौथ्या घरापर्यंत कळतं आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही. स्वरूपाने हातातली सुताची कांडी टोपलीत टाकली, कांड्या भरायचं चाक थांबवलं आणि मोबाईल कानाशी गच्च धरून ती मागच्या दारी गेली. सासूबाई, म्हणजे यशोदाबाई (स्वरूपा त्यांना आत्याबाई म्हणे), भिंतीला टेकून विणून झालेल्या साड्यांचे लोंबते धागे कातरत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण कातर क्षणभर थांबली. यशोदाबाई कधी ऐकतायत हे त्यांच्या कातरीवरून कळायचं.

"हां, बोल आक्का. आता येतंय ऐकू. … जेवण? झालं की. तुझं? … शनिवार न्हवं आज, पोरी लौकर सुटल्या, तवा आधी आरोहीचंच उरकलं. आमटी-भात. … खेळती की अंगणात, तिला काय. … तेजू काय करती? … झोपली? ह्या टायमाला?"

आक्का म्हणजे अंजनी. नात्यातली कुणी नव्हे. काकतीच्या शेतकरी घरातली ही बाई नवऱ्याच्या, भरमूअण्णांच्या, मच्छे गावातल्या नोकरीपायी खासबागेत भाड्याने राहायला आली आणि मागोमाग स्वतःही तिकडेच एका कारखान्यात पॅकिंगला लागली. तिची तेजस्वी आणि स्वरूपाची आरोही, दोघी दुसरीत, एका बाकावर. शाळेच्या फाटकाशी उभं राहून राहून आयांचीही मैत्री झाली. वयाने थोरली म्हणून स्वरूपा तिला आक्का म्हणायला लागली, आणि खरं सांगायचं तर सख्ख्या बहिणीचा येत नाही इतका हिचा फोन यायचा. एरवी तो आला की स्वरूपाला बरं वाटायचं. आज स्क्रीनवर नाव बघूनही तिने कोण बोलतंय म्हणून विचारलं होतं.

"मेसेज? कसला मेसेज? … ग्रुपवर? न्हाय गं, मी बघितलंच न्हाय. सकाळपासनं कांड्याच भरायलेय, फोन कुठला हातात घेते. … काय म्हणतात टीचर?"

बघितला होता. सकाळीच बघितला होता, आणि पुन्हा उघडायचा धीर न होऊन मोबाईल तांदळाच्या डब्यावर पालथा घालून ठेवला होता.

"… तिघांना? … अगंबाई. … कुणाकुणाला? … व्हय, नावं कशी सांगतील, बरोबर हाय. … फोड म्हणजे, ते… व्हय. ते. … ताप पण. … व्हय, व्हय."

मेसेज साधा होता. वर्गातल्या तीन मुलांना कांजिण्या निघाल्या आहेत. ताप आलेल्या मुलाला औषध न देता पूर्ण दिवस ताप नसेल तरच शाळेत पाठवावं. अंगावर फोड असतील तर शेवटच्या फोडाची खपली धरेपर्यंत घरीच ठेवावं आणि शाळेला कळवावं. यात नवीन काही नव्हतं. जूनमधल्या पालकसभेत टीचरनी हेच वाचून दाखवलं होतं आणि वर म्हणाल्या होत्या, आपल्या वर्गात एक मूल मोठ्या गोळ्यांवर आहे, निदान त्याच्यासाठी तरी एवढं पाळा. सगळ्या आयांनी माना वळवून मागच्या बाकाकडे बघितलं होतं. तिथे अंजनी खाली मान घालून बसली होती. शेजारी बसलेल्या स्वरूपाने तेव्हा तिचा हात धरला होता.

"व्हय, मला म्हाईत हाय न्हवं गोळ्यांचं. … व्हय गं, त्या गोळ्यांनी तोंड सुजतंय तिचं. … तसं म्हणाले डॉक्टर? … कांजिण्यावाल्या पोराजवळ बसली असली तर? … लगीच. … इंजेक्शन. … आणि उशीर झाला तर? … … बरं. … बरं, न्हाय, कळलं मला."

तेजस्वीला मूत्रपिंडाचं दुखणं होतं. दोन वर्षं ती पोरगी गोळ्या खात होती, आणि त्या गोळ्या दुखणं दाबायच्या तसं अंगातलं बळही दाबायच्या. दुसऱ्या पोरांना खाज आणि चार दिवसांची सुट्टी देऊन जाणारा आजार तिच्या फुप्फुसापर्यंत जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी अंजनीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. अंजनीने ते ज्याला-त्याला सांगितलं होतं. रिक्षावाल्याला, शाळेतल्या शिपायाला, शेजारणींना. स्वरूपाला तर कितीदा.

"सगळ्यांना फोन केलास? … एकेकीला? … आणि काय म्हणाल्या? … ती तिघं पोरं लांब बसत्यात. … पलीकडच्या वळीत. … बरं झालं की मग. … काय? … आरोही?"

परसात दोरीवर सुताच्या लडी वाळत होत्या. स्वरूपाने एक लड उगाच सरळ केली.

"न्हाय गं. आरोहीला काय न्हाय. … काय न्हाय म्हणजे काय न्हाय. खेळायली की चांगली. … व्हय, अंगावर काय न्हाय. बघितलंय मी. मीच घालते न्हवं तिला न्हाऊ. … व्हय आक्का. … शपथ कशाला त्यात."

अंगावर काही नाही, हे त्या शनिवारपुरतं खरंच होतं. खपल्यासुद्धा पडून गेल्या होत्या. हनुवटीखाली एक आणि पाठीवर दोन, एवढे खड्डे राहिले होते.

आता यातलं खरं काय ते सांगायचं तर मागावर हे बीम, म्हणजे साड्यांच्या ताण्याचा रूळ, चढलं त्या आठवड्यापर्यंत मागे जावं लागेल. लग्नसराईच्या साड्या होत्या. गल्लीतले निम्मे माग गंजत पडले असताना सूत देऊन साड्या विणून घेणाऱ्या सावकारांनी हे काम स्वरूपाच्या नवऱ्याला, कुमारला, दिलं होतं, आणि वेळेत विणून उतरलं तर पुढचं बीमही तुझंच, असं तोंडभर सांगितलं होतं. ताणा भरून, टोकं सांधून माग सुरू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आरोहीच्या पोटावर दोन फोड दिसले. मोत्यासारखे, आत पाणी.

बाकीच्या घरी पोरगी झोपवून ठेवली असती, एवढंच. यांच्या घराची रीत वेगळी. यशोदाबाई त्या आजाराचं नावसुद्धा घेत नाहीत. "आई आली" म्हणतात. आई घरात आली की दाराला कडुलिंबाचा डहाळा, फोडणी बंद, पाहुणा बंद, आणि माग बंद. आईला खडखडाट सोसत नाही. पोरीच्या अंगावरची शेवटची खपली पडून तिला कडुलिंबाच्या पाण्याने न्हाऊ घालेपर्यंत धोटा हलवायचा नाही. कुमारच्या लहानपणी तिघा भावंडांना एकामागून एक आई आली तेव्हा सासऱ्यांचा माग महिनाभर बंद होता, आणि सासरे हूं की चूं करत नव्हते.

कुमार रात्री बायकोला एवढंच म्हणाला, की म्हातारीला कळू देऊ नको, हे बीम उतरू दे. तो वाईट माणूस नव्हता. पोरीच्या उशाशी बसून तिचे हात धरायचा, खाजवू नये म्हणून. पण घर म्हणजे एक मोठी खोली. अर्ध्यात माग, अर्ध्यात संसार, आणि मधोमध यशोदाबाई. दिवसभर पोरगी घरात राहिली असती तर लपलं असतं थोडंच. तेव्हा लपवायला जागा एकच उरली, शाळा. थंडीचे दिवस होते, पूर्ण बाह्यांचा स्वेटर, पायांत लांब मोजे. सकाळी तापाचं औषध पाजायचं, गळ्याला पावडर चोपडायची आणि हात धरून फाटकात सोडायची. शाळा सांगत होती पोरीला घरी ठेवा. सासूबाईंनाही कळलं असतं तर त्यांनी तेच केलं असतं. स्वरूपाने दोघींनाही चुकवलं.

"हां, हाय हाय. ऐकायलेय. … न्हाय, गप कुठं हाय, इथं माणूस आलाय जरा. थांब."

सावकारांचा माणूस पुढच्या दारी कुणी दाद देईना म्हणून बोळातून मागे आला होता.

"नाळे बर्री अण्णा, उद्या या. … नाळे, नाळे. शेवटची साडी चालू हाय, आज रात्री उतरती. … व्हय, सगळ्या घडी घालून ठेवतो. सावकारांना सांगा, उद्या नक्की. … हां. … हां आक्का, बोल. गेला तो. … सावकारांचा माणूस गं. साड्या झाल्या काय म्हणून."

तो गेला आणि स्वरूपाला वाटलं, अजून थोडा वेळ थांबला असता तर बरं झालं असतं.

"काय म्हणतीस? … मग दवाखान्यात जात न्हाईस? … अगं पण… न्हाय, आरोहीला न्हाय ते खरं. पण म्हणून… आक्का, ऐक ना. एकदा दाखवून आण की. … दाखवायला काय जातंय? … व्हय, सुट्टी. … व्हय, सुपरवायझर बोंबलतोय ते खरं हाय. पण आज शनिवार. आज डॉक्टर संध्याकाळपतोर बसतात न्हवं? … मग उद्या रविवार, बंद. … म्हणून म्हणते आजच जा."

लडीचं एक सूत तिच्या बोटाभोवती गुंडाळलं गेलं होतं. ती ते गुंडाळतच राहिली.

"… न्हाय, माझ्यावर विश्वास न्हाय असं कोण म्हणालं? … अगं, माझ्या शब्दावर ऱ्हाऊ नको. … तसं न्हवं गं. … माझं काय, मी काय डॉक्टर हाय? … पोरगी आरोहीजवळ बसती तशी दुसऱ्यांजवळ पण जाती की. डबा खाताना. … नळावर. … खेळायला सोडत न्हाईस, बरं. पण तरी. … भ्यायला काय झालंय मला? मी कुठं भ्यायलेय. तुझ्यासाठी सांगायलेय."

पाच-सहा तऱ्हेने सांगून झालं. जा म्हणून झालं, आजच जा म्हणून झालं, रिक्षा करून जा म्हणून झालं. का जा, एवढंच ती सांगत नव्हती, आणि तेवढं सोडून बाकी सगळ्याचा पलीकडे काही उपयोग होत नव्हता. महिन्याकाठी दवाखान्याच्या दोन-दोन खेपा करणारी बाई उगाच आणखी एक खेप का घालेल? ज्या पोरीच्या शेजारी आपली पोरगी बसते ती ठणठणीत आहे, असं त्या पोरीची आईच सांगते आहे. स्वरूपाला स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त अंजनीच्या भोळेपणाचा आला, हेही खरं.

"… मग ह्या टायमाला का झोपली ती? … कणकण? कवापासनं? … काल रात्री. … आज शाळंत आलती की पण. … डोस दिलास? … आणि उतरला. … व्हय, उतरतो. डोस दिला की उतरतोच. … न्हाय, काय न्हाय, बोल तू. … थंडीचं असंल. … व्हय."

आणि करंट गेला.

गल्लीतले सगळे माग एका दमात थांबले. ज्यांना त्या आवाजाची सवय आहे त्यांना शांतता फार मोठी वाटते. कुणाच्या तरी नळाचं पाणी बादलीत पडत होतं तेही ऐकू यायला लागलं. अंगणात आरोही पलीकडच्या पोरीला काहीतरी सांगत हसली. आतून कातरीचा आवाज तेवढा येत होता, कच, कच.

"हां… न्हाय, करंट गेला आमच्यात. … बोल, आता नीट ऐकू यायलंय. … काय म्हणालीस? परत बोल. … मानेवर?"

स्वरूपाने बोटाभोवतीचं सूत ओढून तोडलं.

"… किती? … दोन. … कवा दिसले? … डास."

मागच्या आठवड्याच्या आधीच्या आठवड्यात, फाटकाशी, अंजनीनेच आरोहीच्या मानेकडे बोट दाखवून विचारलं होतं, हे काय गं पोरीच्या मानेवर? आणि स्वरूपाने हसून सांगितलं होतं, डास चावलेत आक्का, आमच्याकडे गटार हाय न्हवं जवळ, लई डास. वर असंही म्हणाली होती, की ह्या डासाचं असंच येतं, मधे पाणी धरल्यासारखं, दोन दिवसांत जातं. अंजनी मान हलवून विश्वासाने घरी गेली होती. आणि आज, आपल्या पोरीच्या मानेवर तेच बघून, तिने तेच औषध लावलं होतं. म्हणजे काहीच नाही.

"… व्हय, मीच सांगितलंतं. … व्हय, आरोहीला आलतं तसलंच. … आक्का. आक्का, ऐक. त्यात पाणी हाय? … बघ की जरा. उठीव तिला. … न्हाय, तू बघ आधी, मग बोलूया. … हां. … टाचणीच्या डोक्याएवढं, चकाकतंय? … भोवतीनं लाल? … पोटावर बघ. … फ्रॉक वर कर आणि पोटावर बघ. … केसात. केसात बोटं घालून बघ, आक्का, केसात आधी येतात."

आतली कातर थांबली.

"… … मोजू नको. ऱ्हाऊ दे. मोजू नको आता."

"… मला कसं म्हाईत?"

दारात कुमार येऊन उभा होता. हातांना मागाचं तेल, खांद्यावर टॉवेल. त्याने मान हलवली, नको म्हणून. मग एक बोट वर केलं. एकच साडी राहिली. त्याच्या मागे अंधारात यशोदाबाई उठून उभ्या राहत होत्या, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. दोघांकडेही बघायचं नाही असं ठरवून स्वरूपाने तोंड सुताच्या लडींकडे केलं.

"आक्का, आरोहीला ते डास नव्हते."

"… …"

"कांजिण्या होत्या. … व्हय. … व्हय आक्का. … तवा. तू फाटकात विचारलंस तवाच. … मला म्हाईत होतं. … व्हय, म्हाईत असून. … ताप होता. डोस देऊन पाठवत होते. … न्हाय, टीचरला न्हाय सांगितलं. कुणालाच न्हाय. … सगळे दिवस. … एक दिवस पण घरी ठेवली न्हाय."

ओरडायची गरज नव्हती. ती अगदी हळू बोलत होती आणि तरीही सगळ्यांना ऐकू जात होतं.

"… का म्हणजे… माग. माग बंद पडला असता. … आत्याबाईंना कळलं असतं तर… व्हय, एवढ्यासाठीच. … दुसरं काय न्हाय, एवढंच. … आक्का, काहीतरी बोल. … शिव्या घाल."

अंजनी शिव्या घालणाऱ्यांतली नव्हती. तेवढं तरी तिने केलं असतं तर स्वरूपाला कुठे टेकायला जागा मिळाली असती.

"… हां? … व्हय, सांगते. आठवून सांगते. पहिला फोड, तू विचारलंस त्या आठवड्यातल्या सोमवारी. … आठवडाभर निघत होते. … मग खपल्या. … व्हय, बाक तोच. शेजारीच. … डब्यातलं पण. एकमेकींचं खातात न्हवं त्या. … डॉक्टर विचारतील, व्हय. हेच सांग. माझं नाव सांग. … इंजेक्शनचं काय म्हणालते ते? … लगीच दिलं तरच. … म्हणजे आता… … … ते त्यांना ठरवू दे की, आक्का. आपण कशाला आधीच. … ॲडमिट करून घेतील, सलाईनमधनं औषध देतील. … देतील गं. असंल की काहीतरी."

तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता, आणि ते आवाजात आलं.

"… जा तू, बोलत बसू नको. … भरमूअण्णा? … कामावर. फोन लागत न्हाय? … मग एकटी कशी? … मी येते. मी आत्ता निघते, खासबागेत पाच मिनिटांत… … … बरं. … न्हाय, बरोबर हाय तुझं. … न्हाय येत. … आक्का, मी…"

कुमार दारातून बाजूला झाला होता. यशोदाबाई त्याच्याजवळून परसात आल्या. त्या रागावतील, कपाळ बडवतील, अंगात आल्यासारखं करतील, असं काय काय स्वरूपाने हे दिवस मनात धरून ठेवलं होतं. त्यांनी तसलं काही केलं नाही. अंगणात खेळणाऱ्या आरोहीला हाक मारून जवळ घेतलं, हनुवटी वर करून तो खड्डा बघितला, अंगठ्याने चाचपला आणि तिला सोडून दिलं. मग सुनेकडे न बघता कुंपणाजवळच्या कडुलिंबाकडे गेल्या आणि हात पुरेना म्हणून काठीने फांदी खाली ओढायला लागल्या. पोरगी बरी होऊन गेली होती, खपल्या केरात गेल्या होत्या, आणि म्हातारी आत्ता डहाळा तोडत होती.

"हॅलो? … आक्का? … हॅलो, हाय काय कोण?"

"… कोण, तेजू? … तेजू व्हय. … आई कुठं गेली बाळ? … चप्पल शोधायली. बरं. … तुझ्याकडे दिला फोन? … उचललास तू. … न्हाय, रडत न्हाय काय आई, धूळ गेली असंल डोळ्यात."

"… खाजतंय? … कुठं? … खाजवू नको हं. अजिबात नको. … व्हय, आरोहीला पण खाजत होतं. … तिनं तुला दाखवलंतं? … कुणाला सांगू नको म्हणाली. … … तू न्हाय सांगितलंस. … शहाणी गं बाई तू."

स्वरूपा खाली बसली. परसातल्या ओल्या दगडावरच बसली.

"… आरोही? हाय की, अंगणात हाय. … बरी हाय. … व्हय, सोमवारी येणार ती शाळंत. … जागा? … खिडकीकडची. … कोण बसतंय मग तिथं? … न्हाय, न्हाय, दुसरं कोण बसणार न्हाय. मी सांगते तिला. दप्तर ठेव म्हणते तिथं. … व्हय, तुझी म्हणून. … किती दिवस? …"

तेवढ्यात करंट आला. आधी कोपऱ्यावरच्या घराचा माग सुरू झाला, मग त्याच्या पलीकडचा, मग एकेक करत सगळी गल्ली. फक्त यांच्या घरातून आवाज आला नाही. आत कुमार बटणाशी उभा होता आणि त्याचा हात बटणावर होता, पण दाराच्या चौकटीत यशोदाबाई कडुलिंबाचा डहाळा बांधत होत्या, आणि त्याला ते बटण दाबता येत नव्हतं. शेवटची साडी पदरापर्यंत येऊन मागावर थांबली होती.

"तू येईस्तोवर, बाळ. … तू येईस्तोवर ठेवती. … काय? … परत बोल. … ऐकू येईना गं, माग सुरू झाले शेजारचे. … हॅलो? … तेजू? … मोठ्यानं बोल. … हॅलो?"